निभतंय

खाटेवर पडून असलेल्या माणसाची कुणी चौकशी केली की आपल्याकडं उत्तर ठरलेलं असतं, "निभतंय." बेळगावातली गल्ली असो, खानापूरच्या रानाकडची वाडी असो, नाहीतर निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईचा सोपा असो. घराची सगळी लाज आणि सगळा मान या एका शब्दाखाली झाकलेला असतो. सून पहाटे चारला उठून सासूचं अंथरूण बदलते, मुलगा कामावर जाण्याआधी बापाला धरून मोरीपर्यंत नेतो, नात शाळेतून आली की भरवायला बसते, आणि पाहुण्याच्या हातात चहाचा कप देताना घर म्हणतं, निभतंय. पाहुण्यापुरतं ते ठीक आहे. पण तलाठ्यापुढं, डॉक्टरांपुढं किंवा आशाताईपुढं हाच शब्द निघाला की कागदावर तो असा उतरतो: घरचे सांभाळतात, हिंडती-फिरती आहे, गरज दिसत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगितलेली बरी. घरी येऊन सांभाळणारं माणूस सरकारी खर्चानं मिळावं, असा एकच अर्ज कर्नाटकात नाही. आहेत ते तुकडे, आणि तेही वेगवेगळ्या खात्यांत. दरमहाचा पगार (आपल्या भागात या पेन्शनला पगारच म्हणतात) महसूल खात्याकडं. टक्केवारीचं प्रमाणपत्र सरकारी दवाखान्याकडं. चाकाची खुर्ची, वॉकर, कानाचं यंत्र दिव्यांग कल्याण खात्याकडं नाहीतर केंद्राच्या शिबिरात. घरभेट प्राथमिक आरोग्य केंद्राकडं. उंबऱ्याला लागणारा उतार ग्रामपंचायतीकडं. वाकळ शिवताना तुकड्याला तुकडा जोडत जातो, तसंच हे काम आहे. कुठला तुकडा आधी घ्यायचा हे कळलं नाही तर हेलपाटेच पदरात पडतात.

सुरुवात कचेरीतून करू नका, वहीतून करा. शंभर पानी वही घ्या आणि सलग सात दिवस, रात्र धरून, त्या माणसाचं जे जे दुसऱ्याला करावं लागतं ते वेळेसकट लिहा. नोंद अशी हवी:

"पहाटे 4.10. अंथरूण ओलं. दोघांनी मिळून कुशीवर वळवलं, चादर बदलली. 6.30. तोंड धुतलं, बोटाला कापड गुंडाळून. 8.00. नाचणीची आंबील, चमच्यानं, 35 मिनिटं लागली, दोनदा ठसका. 11.00. संडासाला खुर्चीवर; एकटी बसली की डावीकडं कलते, धरून उभं राहावं लागतं."

यातल्या प्रत्येक ओळीला किंमत आहे. "दोनदा ठसका" वाचून जाणता डॉक्टर गिळण्याची तपासणी करेल. "डावीकडं कलते" यावरून खुर्चीला पट्टा आणि बाजूचा आधार लागणार हे कळतं. "दोघांनी मिळून" या शब्दांतून एकटी सून हे काम करू शकत नाही हे कागदावर येतं. रात्रीच्या नोंदी बहुतेक जण गाळतात, कारण रात्री लिहायचं त्राण उरत नाही. पण सांभाळणाऱ्याचं सगळ्यात जास्त रक्त रात्रीच आटतं. सकाळी आठवून लिहिलं तरी चालेल, गाळू मात्र नका.

आठवडा झाला की शेवटच्या पानावर सहा ओळी काढा: आंघोळ, कपडे, संडास, खाटेवरून खुर्चीत येणं, लघवी-संडासावरचा ताबा, जेवण. प्रत्येकापुढं स्वतः, थोडी मदत किंवा पूर्ण मदत यांपैकी एक लिहा. हे पान डॉक्टरांना दाखवा आणि बार्थेल गुणांक किती येतो ते केसपेपरवर लिहून मागा. बार्थेल म्हणजे रोजच्या दहा कामांचा शंभर गुणांचा ताळा. गुण जितके कमी, तितकं परावलंबन जास्त. नुसतं "अर्धांगवायू" एवढं लिहिलेल्या कागदावरून माणूस उठून बसतो की नाही, हे टेबलापलीकडच्याला कळत नाही. मिरजेत, कोल्हापुरात नाहीतर गडहिंग्लजला उपचार झाले असतील तर तिकडचे डिस्चार्ज कार्ड, स्कॅनचे अहवाल सगळे एका पिशवीत ठेवा. पुरावा म्हणून ते इकडं दाखवता येतात. पिशवी प्लास्टिकची घ्या आणि उंचावर टांगा. 2019 च्या पुरात वेदगंगा-दूधगंगेच्या काठावरच्या घरांत भांडी वाचली आणि कागद गेले, असं बऱ्याच ठिकाणी झालं.

पहिला तुकडा प्रमाणपत्राचा, म्हणजे यूडीआयडी. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो, ग्राम वन केंद्रात (गावातलं सरकारी अर्ज भरायचं केंद्र) नाहीतर एखाद्या जाणत्या पोराकडून भरून घेता येतो. आधार, फोटो, सही किंवा अंगठा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. जिल्ह्यातला सरकारी दवाखाना निवडायचा आणि तारीख आली की तपासणीला जायचं. तालुक्याला अधूनमधून तपासणीची शिबिरं लागतात, खाटेवरच्या माणसाला तीच सोयीची. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. म्हातारपण त्यात नाही, पण पक्षाघातानं आलेलं हातापायांचं अपंगत्व, दृष्टी जाणं, ऐकू न येणं, पार्किन्सन हे सगळं आहे. उपचारानं बरी होणारी अडचण मात्र धरत नाहीत. मोतीबिंदूमुळं दिसत नसेल तर आधी शस्त्रक्रिया, मग टक्केवारी.

टक्केवारीवरून घराघरात भांडणं होतात, म्हणून हिशेब समजून घेतलेला बरा. पायाचं 50 टक्के आणि कानाचं 30 टक्के मिळून 80 होत नाहीत. सूत्र असं आहे: मोठ्या आकड्यात लहान आकड्याचा काही भागच मिळवायचा. तो भाग काढायला 90 मधून मोठा आकडा वजा करायचा, त्याला लहान आकड्यानं गुणायचं आणि 90 नं भागायचं. 90 वजा 50 म्हणजे 40, गुणिले 30, भागिले 90, येतात 13. एकूण 63. डॉक्टरांनी कमी लिहिलं म्हणून चिडण्याआधी हा ताळा करून बघा. पण पाय तपासले आणि कानांकडं कुणी बघितलंच नाही, तर हे 13 टक्के हातचे गेले. जे जे गेलं आहे ते पहिल्याच दिवशी सगळं सांगा.

पक्षाघात नुकताच झाला असेल तर डॉक्टर काही महिने थांबायला सांगतात किंवा ठरावीक मुदतीचं तात्पुरतं प्रमाणपत्र देतात. सुधारणेला वाव असतो, त्यामुळं यात काही गैर नाही. मुदत कधी संपते ती तारीख मात्र तुम्हीच सांभाळायची. कार्ड 40 ते 79 टक्क्यांना पिवळं, 80 च्या वर निळं. ते देशभर चालतं. आजऱ्याकडून इकडं मुलाकडं राहायला आलेल्या आईचं जुनं कार्ड म्हणून रद्द होत नाही.

तपासणीच्या दिवशी काय होतं ते थोडं थांबून सांगण्यासारखं आहे. आदल्या संध्याकाळी बापाची दाढी होते, सकाळी धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. दवाखान्यात डॉक्टर म्हणतात, "आजोबा, चाला बघू." आणि महिनाभर खाटेवरून न हललेला तो माणूस जन्मभराचा मान पायात गोळा करून भिंतीला हात न लावता चार पावलं टाकतो. पोराकडं बघून हसतोसुद्धा. कागदावर येतं, आधाराविना चालतात. घरी आल्यावर तो दोन दिवस उठत नाही, ते कुणी लिहीत नाही. म्हणून आदल्या रात्री जवळ बसून त्याला समजावून सांगा: आप्पा, घरात जसं चालता तसंच चाला, घरात काठी घेता तर तिथंही घ्या, जे जमत नाही ते जमत नाही म्हणा. यात काही खोटं नाही. खरं तेवढं दिसू द्यायचं आहे. डॉक्टरांनी "घरी कसं असतं?" असं विचारलं तर उत्तर तोंडानं देऊ नका, वही पुढं करा. मान सोडून बोलायला जीभ अडते. वहीला ती अडचण नाही.

आता पगार. कर्नाटकातली संध्या सुरक्षा ही म्हाताऱ्यांच्या पगाराची योजना 2007 साली 400 रुपयांवर सुरू झाली. 65 वर्षं पूर्ण झालेल्या छोट्या शेतकऱ्यांना, शेतमजुरांना, विणकरांना, असंघटित कामगारांना ती मिळते, आणि 2021 पासून महिना 1,200 रुपये आहेत. दिव्यांगांचा पगार 40 टक्क्यांपासून 800, 75 टक्क्यांच्या वर 1,400, आणि बौद्धिक किंवा मानसिक अपंगत्व 75 टक्क्यांच्या वर असेल तर 2,000. एका माणसाला यांतला एकच पगार मिळतो, आणि इथंच बरेच जण चुकतात. 70 वर्षांच्या बाईला 60 टक्के अपंगत्व असेल तर तिनं संध्या सुरक्षाच घ्यावी, कारण अपंगाच्या पगारात 400 रुपये कमी पडतात. यूडीआयडी तरीही काढावंच, खुर्ची आणि बाकीची साधनं त्यावर मिळतात. 80 टक्के असेल तर अपंगाचा पगार फायद्याचा. आधी एक चालू करून मग बदलून घ्यायला गेलं की जुना बंद होतो आणि नवा अडकतो, तेव्हा पहिल्याच अर्जात नीट ठरवा.

संध्या सुरक्षेत उत्पन्न धरतात ते म्हाताऱ्या नवरा-बायकोचं. मर्यादा फार खालची आहे. योजना आली तेव्हा दोघांचं मिळून वर्षाला 20,000 होती. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (महसूल खात्याची जवळची कचेरी) निघतो आणि त्यावरचा आरडी नंबर पुढच्या प्रत्येक अर्जात लागतो, तो वेगळा लिहून ठेवा. अडकतं ते शेतीच्या उताऱ्यावर. वाटण्या तोंडी झालेल्या असतात, जमीन अजून मेलेल्या आजोबांच्या नावावर नाहीतर पाच भावांच्या सामाईक नावावर असते, आणि उताऱ्यात चार एकर दिसतात. खरं तर म्हातारीच्या वाट्याला तुरीचं एक पोतंही येत नसतं. पौती खात्याची नोंद, म्हणजे मेलेल्याच्या जागी वारसांची नावं, करून घेतलेली नसेल तर ते काम आधी उरका, नाहीतर उत्पन्नाच्या दाखल्यातच गाडी रुतते.

दुसरी अडचण नावाची. आधारवर लक्ष्मी, रेशन कार्डावर लक्ष्मीबाई, बँकेत लक्ष्मीबाई मारुती, आणि माहेर चंदगडकडचं असल्यानं शाळेच्या दाखल्यावर आणखी तिसरंच. मराठी नाव कन्नडमध्ये टाइप होताना कुऱ्हाडेचं कुराडे होतं, इंग्रजीत चव्हाणची चार स्पेलिंगं होतात. संगणक हे एकच माणूस मानत नाही. ग्राम वनमध्ये अर्ज भरणारा पोरगा घाईत असतो. त्याला नम्रपणे म्हणा, "दादा, पाठवायच्या आधी स्क्रीन इकडं फिरवा जरा," आणि आधार हातात धरून अक्षरन् अक्षर जुळवा. दुरुस्ती करायचीच तर बाकी सगळं आधारप्रमाणं करून घ्या. उलट्या दिशेनं गेलात तर वर्ष जातं.

अर्ज कन्नडमध्ये असतो. कन्नड वाचता येत नसलं तरी काही शब्द ओळखीचे करून ठेवावेत, फार कामी येतात. आदाय म्हणजे उत्पन्न, वासस्थळ म्हणजे रहिवास, विळास म्हणजे पत्ता, मासाशन म्हणजे महिन्याचा पगार, विकलचेतन म्हणजे दिव्यांग. आणि मोबाईलवरच्या मेसेजमध्ये "तिरस्करिसलागिदे" असं आलं तर अर्ज नाकारला आहे. हा मेसेज कुणीच न वाचल्यामुळं घरं सहा-सहा महिने वाट बघत बसतात. तक्रार मात्र मराठीत देता येते. घटनेच्या 350 व्या कलमानं कुठल्याही अधिकाऱ्याकडं गाऱ्हाणं मांडायला राज्यात वापरात असलेली कुठलीही भाषा चालते. तसा अर्ज द्या, पोच घ्या, आणि सोबत कन्नडमधली प्रत जोडता आली तर जोडा. त्यात कमीपणा कसला? काम लवकर होतं.

अर्ज टाकल्यावर चौकशीला तलाठी येतो. हुद्द्याचं नाव आता ग्राम आडळिताधिकारी आहे, लोकांच्या तोंडी मात्र तलाठीच. तो महजर, म्हणजे पंचनामा, करतो, शेजारच्या दोघांना विचारतो. आणि इथं पुन्हा तो शब्द येतो. तलाठी दारात दिसला की सोपा झाडला जातो, म्हातारीला नवं लुगडं नेसवून खुर्चीत बसवतात, सून पदर सावरून म्हणते, "आमचं आम्ही बघतोय की साहेब, निभतंय." शेजारीही घराची इज्जत राखायला म्हणतो, "पोरगा लै चांगला आहे." पोरगा चांगला आहेच. पण चौकशी पोराच्या चांगुलपणाची नाही. साहेबांना आत न्या, खाट जिथं आहे तिथं. औषधांचा डबा, रबरी कापड, खाटेखालचं भांडं जसं रोज असतं तसंच असू दे. वहीचं शेवटचं पान दाखवा. शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवा, म्हातारीला उठून उंबऱ्यापर्यंत येता येत नाही, एवढं खरं ते सांग.

पोचपावतीवर 15 आकड्यांचा सकाल क्रमांक असतो. 2011 च्या सकाल कायद्यानं ठरावीक दिवसांत काम करून द्यायचं बंधन आहे. उशीर झाला तर दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500, भरपाई मागता येते. 20 रुपयांसाठी कुणी भांडत नाही, पण या क्रमांकावर अपील केलं की फाईल कुठल्या टेबलावर पडली आहे ते बाहेर येतं. पावतीची झेरॉक्स लगेच काढा, ती थर्मल कागदाची असेल तर चार महिन्यांत कोरी होते. तालुक्यात पिंचणी अदालत, म्हणजे पगाराच्या तक्रारींची बैठक, भरते तेव्हा ही झेरॉक्स आणि आधार घेऊन जा. तिथं एका जागी सगळे अधिकारी भेटतात.

मंजुरी झाली आणि पैसे आले नाहीत, ही तक्रार सगळ्यात जास्त. पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, आधारला शेवटचं जोडलेलं जे खातं असेल त्यात जातात. नातवानं आजीच्या नावावर सिमकार्ड घेताना तिच्या अंगठ्यानं एखाद्या पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलेलं असतं, आणि वर्षभराचा पगार तिथं साचत असतो. आधारच्या संकेतस्थळावर कुठली बँक जोडली आहे ते दिसतं. आपल्या बँकेत जाऊन आधार मॅपिंगचा फॉर्म भरला की पुढचे हप्ते इकडं वळतात.

अंगठ्याचं दुखणं वेगळंच. निपाणी भागात जन्मभर विड्या वळलेल्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा पुसून गेलेल्या असतात, शेतात राबलेल्यांचंही तेच. "थंब लागत नाही" म्हणून कुणी परत पाठवलं तर तसंच फिरू नका, डोळ्याच्या बुबुळावरून आणि चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे, ती मागा. अंगठा लावण्याआधी बोटं कोमट पाण्यात धुऊन, पुसून, थोडं खोबरेल लावून कोरडी केली की कधी कधी जमून जातं. 70 वर्षांवरच्या आणि दिव्यांग खातेदारांना घरपोच बँकसेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं 2017 सालीच बँकांना सांगितलं आहे. म्हातारीला खाटेसकट टेंपोत घालून बँकेच्या पायरीवर नेण्याची पाळी कुणावर येऊ नये. शाखेत लेखी मागणी द्या.

पंचायतीत एक माणूस असतो ज्याच्याकडं लोक फारसे जात नाहीत, ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता. सगळे त्याला व्हीआरडब्ल्यू म्हणतात. तो बहुधा स्वतःच दिव्यांग असतो, त्यामुळं रांगेचं दुःख त्याला सांगावं लागत नाही. यूडीआयडीपासून साधनांपर्यंतचे अर्ज कुठं अडतात ते त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतं. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या निधीतले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. उंबऱ्याचा उतार, संडासातला धरायचा दांडा, कमोड खुर्ची या गोष्टी त्यातून मागता येतात. ग्रामसभेत अर्ज द्या आणि ठरावाच्या वहीत नोंद झाली का ते बघूनच उठा.

साधन मागण्याआधी घर मोजा. 60 वर्षांवरच्या, दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिना 15,000 च्या आत उत्पन्न असलेल्या वृद्धांना केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून 2017 पासून काठी, वॉकर, कानाचं यंत्र, कवळी, चष्मा, चाकाची खुर्ची फुकट मिळते. शिबिरात खुर्ची मिळते, फोटो निघतो, आणि ती घरी येऊन सोप्यातच उभी राहते, कारण आतल्या खोलीचं दार तिच्यापेक्षा अरुंद आणि उंबरा वीतभर उंच. साध्या चाकाच्या खुर्चीला बाहेरून दोन फुटांहून जास्त रुंदी लागते, हाताची बोटं धरली तर आणखी दोन-तीन इंच. उताराचा हिशेब इंचाला फूट असा ठेवा, सहा इंचांच्या उंबऱ्याला सहा फूट. त्याहून चढा केला तर खुर्ची ढकलणाऱ्या सुनेच्या कमरेवर येतं आणि पावसात घसरण होते. जुन्या घरात एवढी जागा बहुधा नसते. अशा वेळी चाकाच्या खुर्चीचा हट्ट सोडून खाटेशेजारी ठेवायची कमोड खुर्ची आणि वॉकर मागा. दिवसातून चार वेळा उपयोगी पडेल ते साधन मोठं.

घरभेटीचा तुकडा आशाताईच्या हातात आहे. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा एक तपासणी फॉर्म ती भरते. बीपी, साखर, तंबाखू असले प्रश्न त्यात असतात, आणि साठीच्या पुढच्यांसाठी चार प्रश्न वेगळे: उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का, हालचालीला अडवणारं अपंगत्व आहे का, खाणं, कपडे, आंघोळ, संडास यांना दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्या माणसांची नावं किंवा घरचा पत्ता विसरतात का. या चारांतल्या एकालाही "हो" आलं तर तिनं पुढं नर्सबाईंना आणि आरोग्य अधिकाऱ्याला कळवायचं असतं. घरभेटीचा रस्ता इथून सुरू होतो. पण आशाताई गावातलीच, वहिनी नाहीतर मामी लागणारी. तिच्यापुढं "सासूबाई कपड्यात करतात" हे कसं म्हणायचं? मग चारही प्रश्नांना "नाही" जातं आणि घर यादीतून सुटतं. तो फॉर्म कुणाचा कधी भरला गेला हे विचारा, आणि चुकीचा भरला असेल तर पुन्हा भरून घ्या. घरोघरी बीपी-साखर तपासायची राज्याची गृह आरोग्य योजनाही आहे, तिचे कर्मचारी आले की त्यांनाही हेच सांगा.

नर्सबाई आल्या की औषध मागण्याआधी शिकवणी मागा. लघवीची नळी कशी स्वच्छ ठेवायची, नाकातल्या नळीतून भरवताना डोकं किती उंच ठेवायचं, पाठ कशी बघायची. पाठीची जखम एका रात्रीत होते आणि भरायला महिने घेते. दर दोन तासांनी कूस बदला, माकडहाड, खुबे आणि टाचा रोज उजेडात बघा. लाल डागावर बोट दाबून सोडल्यावर तो पांढरा न होता लालच राहिला तर जखमेची सुरुवात झालेली असते. तिथं तेल चोळू नका, आतलं मांस आणखी फाटतं. फुगवलेली रबरी रिंगही बुडाखाली नको, तिच्या कडेवर दाब वाढतो. टाचा हवेत राहतील अशी उशी पोटऱ्यांखाली द्या.

सांभाळणाऱ्याच्या हातात थेट पैसे पडावेत, हा विचार सगळ्यात उशिरा आला. जास्त आधाराची गरज असलेल्यांच्या शुश्रूषेसाठी भत्ता असावा असं 2016 च्या कायद्याच्या 24 व्या कलमात आहे, आणि 38 व्या कलमानं अशा जास्त आधारासाठी वेगळा अर्ज करता येतो. कर्नाटकात सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारांतल्या, पूर्ण परावलंबी माणसाला सांभाळणाऱ्याला महिना 1,000 रुपये आहेत. सेवा सिंधू या राज्याच्या पोर्टलवर अर्ज होतो. यादीत बसत असाल तर आजच करा. पण गावागावात खाटेला खिळलेली माणसं बघितली तर बहुतेक पक्षाघाताची, खुब्याचं हाड मोडलेली, स्मृती गेलेली, आणि ती या यादीत नाहीत. हे अन्यायाचं आहे. आजाराच्या नावावर यादी करण्यापेक्षा किती वेळा उठवावं लागतं यावर ती करायला हवी, आणि ही मागणी ग्रामसभेपासून आमदारापर्यंत लेखी जायला हवी.

मतिमंद किंवा सेरेब्रल पाल्सीचं लेकरू 18 वर्षांचं झालं की आईबाप कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालकत्वाचा दाखला घ्यावा लागतो. तो वेळेत घेतला नाही की खात्यातले पैसे काढताना बँकेत अडतं. म्हाताऱ्या आईबापांनी आपल्यामागं कोण, हे नाव त्याच वेळी मनाशी ठरवून ठेवावं.

सीमेवरचं म्हणून आणखी एक. पलीकडच्या नातेवाइकांना श्रावणबाळ या महाराष्ट्राच्या वृद्ध योजनेचे महिना 1,500 मिळतात हे ऐकून तिकडचा पत्ता लावायचा मोह होतो. तिथं महाराष्ट्रात 15 वर्षं राहिल्याची अट आहे, आणि आधार एकच असल्यानं दोन्हीकडचा पगार लपत नाही. उघडकीला आलं की दोन्ही जातात. महाराष्ट्रानं 2023 मध्ये 865 सीमागावांसाठी आरोग्य विमा जाहीर केला तो दवाखान्यातल्या उपचारांसाठी, घरच्या शुश्रूषेला त्यातून काही मिळत नाही. आणि पोरं बघतच नसतील, तर 2007 च्या आईवडील चरितार्थ कायद्याखाली प्रांतांकडं, म्हणजे आपल्या भाषेत एसी साहेबांकडं, साध्या कागदावर अर्ज करता येतो. वकील लागत नाही, महिना 10,000 पर्यंत पोटगी ठरू शकते. ते पाऊल उचलण्याआधी बोलायला माणूस हवं असेल तर 14567 ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाईन आहे.

पगार चालू झाला की घर निर्धास्त होतं, आणि मग तो मध्येच थांबतो. वर्षाकाठी हयातीची पडताळणी असते, तलाठी नाहीतर पोस्टमन घरी विचारायला येतो. नेमकी तेव्हा आई लेकीकडं गडहिंग्लजला गेलेली असते, दार लावलेलं असतं, आणि यादीत तिच्या नावापुढं "राहत नाही" असा शेरा पडतो. दोन महिन्यांपेक्षा जास्त जायचं असेल तर जाण्याआधी तलाठ्याला दोन ओळी लिहून द्या, लेकीचा फोन नंबर त्यात घाला आणि पोच घ्या. तात्पुरत्या प्रमाणपत्राची मुदत ज्या महिन्यात संपते त्याच्या तीन महिने आधीचं कालनिर्णयाचं पान काढून त्यावर लाल शाईनं लिहा: आईचं यूडीआयडी, नवी तारीख घ्यायची, वही बरोबर न्यायची.